कामाची नोंद, माणसाची पत

पुण्याच्या गुलटेकडीत किंवा वाशीच्या बाजार आवारात पोती उतरवणाऱ्या माथाडीची मजुरी व्यापारी त्याच्या हातावर टेकवत नाही. टोळीनं किती माल उचलला याचा हिशेब होतो. व्यापारी तेवढी रक्कम माथाडी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्हीही भरतो. मजुरी मंडळाकडून कामगाराच्या खात्यात येते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा आणि दवाखाना यांची तजवीज होते. सकाळी एका गाळ्यावर साखर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर तूरडाळ, असं दिवसातून चार मालकांचं काम केलं तरी कामगाराचं खातं एकच राहतं. १९६९ च्या माथाडी कायद्यानं ही घडी बसवली. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटलांची संघटना होती, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. ज्याला कायमचा मालकच नाही, अशा माणसालाही कायम नोकरदाराची सुरक्षा देता येते, हे या कायद्यानं करून दाखवलं.

पोट भरणं, आजारपणात आणि म्हातारपणी आधार असणं, चारचौघांत मान असणं आणि हाक मारावी अशी माणसं असणं, या चारही गरजा आधुनिक समाजांनी गेल्या दीडशे वर्षांत एकाच खुंटीला टांगल्या, ती म्हणजे नोकरी. खुंटी निखळली की चारही एकदम खाली येतात. युरोपातले समाजशास्त्रज्ञ या प्रश्नानं आज चिंतेत आहेत, कारण तिथं नोकऱ्या तुटक, कंत्राटी, अल्पकाळच्या होत चालल्या आहेत. भारतात दहांपैकी सुमारे नऊ कामकरी माणसांच्या वाट्याला ती खुंटी कधी आलीच नव्हती. त्यामुळे हा प्रश्न इथं हमालांनी, कचरा वेचणाऱ्या बायांनी, मोलकरणींनी आणि ऊसतोडणी करणाऱ्यांनी फार आधी विचारला आहे, आणि काही ठिकाणी त्याची उत्तरंही काढली आहेत. ती उत्तरं नीट तपासली तर मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. मदत किती रुपयांची आहे याला महत्त्व आहेच. पण ती मदत माणसाच्या कामाची नोंद होऊन येते का, आणि ती नोंद ठेवणाऱ्या संस्थेत त्याला बसायला जागा आहे का, यावर त्याची समाजातली पत ठरते.

हा धागा युरोपातही जुना आहे. ब्रिटनमध्ये १८३४ च्या गरीब कायद्यानं मदत मागणाऱ्याला वर्कहाउसचा दरवाजा दाखवला. तिथली परिस्थिती मुद्दामच इतकी वाईट ठेवली जायची की कोणी सहजासहजी येऊ नये. सरकारी मदतीवर जगणाऱ्याचा मताधिकारही जायचा, आणि ही तरतूद १९१८ पर्यंत टिकली. म्हणजे भाकरी हवी असेल तर नागरिकत्व बाहेर ठेवून आत या, असा तो सौदा होता. जर्मनीत बिस्मार्कनं वेगळी वाट धरली. १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा आला. त्याचा हेतू समाजवाद्यांचा जोर मोडण्याचा होता, हे सर्वश्रुत आहे. पण आजारपणाच्या विम्यात दोन तृतीयांश हप्ता कामगार भरत आणि निधीच्या कारभारातही तितक्याच प्रमाणात त्यांचे प्रतिनिधी बसत. आजारी कामगार तिथं दयेसाठी जात नव्हता, स्वतःच्या निधीकडे जात होता. १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर ब्रिटननंही हप्त्यावर आधारलेला विमा हाच पाया धरला आणि टी. एच. मार्शल यांनी १९५० मध्ये या सगळ्याला सामाजिक नागरिकत्व असं नाव दिलं.

त्याच्याही आधी एमिल दुर्खीमनं १८९३ मध्ये श्रमविभागणीवरच्या ग्रंथात म्हटलं होतं की आधुनिक समाज एकसारख्या माणसांमुळे टिकत नाही, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वेगवेगळ्या कामांमुळे टिकतो. पण नुसत्या अवलंबून असण्यानं जिव्हाळा तयार होत नाही, हेही त्याला पुढे जाणवलं. म्हणून त्यानं व्यवसायाच्या पायावर उभ्या राहणाऱ्या संघटनांवर भर दिला. हमाल पंचायतीचं काम पाहिलेल्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हमालीचे दर आणि पोत्याचं वजन यांसाठी भांडणाऱ्या त्याच संघटनेनं ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची केंद्रं चालवली.

या विषयावरचा सगळ्यात हृदयाला भिडणारा अभ्यास आजही मारिएन्तालचा आहे. व्हिएन्नाजवळची ही गिरणी वसाहत. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी बहुतेकांची मिळकत एकदम थांबली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथं केलेल्या पाहणीचं पुस्तक १९३३ मध्ये आलं. हातात रिकामा वेळ आला की कामगार वाचतील, सभा घेतील, राजकारणात उतरतील, अशी त्या काळच्या पुरोगाम्यांची अपेक्षा होती. घडलं उलट. कामगारांच्या वाचनालयानं वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेणाऱ्यांची संख्या घसरली आणि दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. संशोधकांनी मुख्य रस्त्यावर घड्याळ लावून लोकांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत आणि वाटेत वारंवार थांबत. बायका झपाझप चालत, कारण चूल, धुणं, मुलं ही कामं गिरणीबरोबर बंद पडली नव्हती. बेकार पुरुषांना दिवसभर काय केलं असं विचारलं, तर सकाळ आणि दुपारचं जेवण यांच्यामधलं त्यांना फारसं काही आठवत नसे.

त्या अहवालातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. भत्ता मिळत असताना कोणी चोरून किरकोळ काम करतो, अशा निनावी तक्रारी गावात वाढल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा खोट्या निघाल्या. भत्त्याची अट अशी होती की शेजाऱ्याच्या हातातलं काम हाच गुन्हा ठरत होता. मदतीच्या नियमांनी माणसं एकमेकांपासून कशी तुटतात, याचा इतका साधा पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. याहोदा यांनी पुढे पन्नास वर्षांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि हातांना नियमित काम.

मराठी वाचकाला मारिएन्ताल म्हटलं की गिरणगाव आठवणारच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. लालबाग-परळमध्ये गिरणीच्या पगारावर काय काय उभं होतं ते पाहिलं की नुकसानाचा अंदाज येतो. एकाच खोलीत पाळ्या लावून झोपणारे गावकरी, गावाच्या नावानं चालणारी मंडळं, भिशी, व्यायामशाळा, भजनी मंडळ, आणि डझनभर कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली होती. संप लांबला तशी माणसं गावी परतली, खानावळींची उधारी बुडाली. गिरणीच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या या बायांचं कामही गिरणीबरोबरच गेलं. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्यांच्या इमारती आल्या. कामगारांची मुलं त्याच आवारात गणवेश घालून उभी राहिली, पण आईबापांना जी संघटना आणि जो शेजार होता तो त्यांना मिळाला नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात हेच एका घरात घडताना दिसतं.

पण गिरणगावाचं चित्र रंगवताना त्यातली फट लपवता कामा नये. साचाखात्यात मजुरी बरी होती, आणि तिथं अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकर तो विटाळ मानत. त्यामुळे दलित कामगार त्रासनखात्यात, कमी मजुरीवर अडकले. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर लावून धरला. आठ वर्षांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी मांडलं की जातिव्यवस्था कामाची विभागणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. दुर्खीमच्या सिद्धान्ताला इथली जमीन अशी आडवी येते. कामामुळे माणसं जोडली जातात हे खरंच. पण कोणतं काम कोणाचं हे जन्मानंच ठरत असेल, तर तेच काम माणसाला तोडण्याचं हत्यार होतं. म्हणून आपल्याकडे कामाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, हा काही योगायोग नव्हे. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि आठवड्यातला एक दिवस कामगाराला आपल्या समाजासाठी मिळाला पाहिजे, हा त्यांच्या मागणीतला विचार होता. नाती जोडायला आणि सार्वजनिक कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ कामगाराला भांडून मिळवावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

१९७२ चा दुष्काळ हा या कहाणीतला मोठा टप्पा आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग त्या वर्षी राज्यभर पसरला. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर भत्ता. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही कामं निघाली आणि त्यांवर बाया प्रचंड संख्येनं आल्या. या योजनेच्या पैशाची सोय कशी झाली हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेलं आहे. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसतो. तो कर मुळात रोजगार हमीसाठी बसवला गेला आणि सरकारनं तेवढीच भर घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारदारानं गावातल्या भूमिहीनाच्या कामासाठी वाटा उचलायचा, असं महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी कायद्यानं ठरवलं होतं, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. पण ज्याचा पैसा कापला जातो त्याला हे कोणी सांगत नाही, आणि म्हणून एवढा मोठा धागा असूनही दोन्ही टोकांच्या माणसांना तो दिसत नाही.

रोजगार हमीत खोटी मस्टरं झाली, मोजमापात मजुरी कापली गेली, पगार लटकले. हे सगळं लिहिलं गेलं आहे आणि ते खरं आहे. तरी मजुरांनी तहसील कचेरीवर मोर्चे नेऊन काम मागितलं आणि मिळवलं. आजवर सावकाराकडे किंवा पाटलाकडे हात पसरणाऱ्या बाईनं सरकारकडे हक्कानं अर्ज केला. २००५ चा देशव्यापी कायदा वर्षाला १०० दिवसांची हमी घेऊन आला, त्यात या अनुभवाचा वाटा मोठा होता. आणि इतिहासाची एक विलक्षण गाठ अशी की ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रियानं रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला तो ग्रामाटनॉयझीडल या गावात, म्हणजे जिथं मारिएन्ताल आहे तिथंच. वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्यांना ऐच्छिक आणि हमीचं काम दिलं गेलं. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांच्या मूल्यमापनात दिसलं की मिळकतीबरोबरच दिवसाला आकार, माणसांत मिसळणं आणि आपण कशात तरी सामील आहोत ही भावना वाढली. याहोदांनी जे गमावलं म्हणून नोंदवलं होतं, तेच परत आलेलं दिसलं.

दुष्काळानं मराठवाड्यातून पुण्यात ढकललेल्या कुटुंबांतल्या अनेक बाया कचराकुंड्यांवर कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. बहुतेक दलित समाजातल्या. लोक नाक मुरडत, पोलीस चोर समजून हटकत. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिची पहिली मोठी कमाई होती ओळखपत्र. पुणे महापालिकेनं मान्य केलेलं, फोटो असलेलं एक कार्ड. बाहेरच्या माणसाला ते क्षुल्लक वाटेल. पण पोलिसानं हात धरला की बाई पदराआडून कार्ड काढून दाखवत असे, आणि त्या क्षणी ती संशयित राहत नसे, कामगार होत असे. पुढे २००२-०३ पासून पालिकेनं त्यांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला, कारण शहराचा कचरा वेगळा करून त्या पालिकेचा खर्च वाचवत होत्या. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि पालिकेशी करार झाला. आता बाई कुंडीत वाकत नाही. दारावर येते, ओला-सुका वेगळा घेते आणि घराकडून महिन्याचे ठरलेले पैसे घेते. कोणत्या घरात कोण आजारी आहे हे तिला माहीत असतं आणि सोसायटीतल्या आजींना तिचं नाव माहीत असतं. अ‍ॅक्सेल होनेथ यांनी १९९२ च्या पुस्तकात मान्यतेसाठीचा संघर्ष म्हणून जे मांडलं, त्याचं इतकं घट्ट उदाहरण युरोपीय ग्रंथांत मला भेटलेलं नाही. करार नूतनीकरणाच्या वेळी दर खेपेला यंत्रं आणि बडे ठेकेदार दाराशी उभे राहतात, आणि दर खेपेला ही लढाई पुन्हा करावी लागते, हेही सांगायला हवं.

याच राज्यात दुसऱ्या टोकाला कोयता आहे. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती एका कोयत्याला, हिशेब होतो तो एका कोयत्याचा, आणि पैसे जातात नवऱ्याच्या हातात. पहाटे चारला उठून कोपीवर भाकऱ्या थापून फडात जाणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई हिशेबाच्या वहीत नावानं येतच नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड मात्र पुऱ्या कोयत्याला. पाळीच्या, आजारपणाच्या दिवसांत खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ही आकडेवारी छापली गेली त्या दिवशी महाराष्ट्राची झोप उडायला हवी होती. इथं काम आहे, टोळी आहे, एकमेकांना धरून राहणंही आहे. नाही ती बाईच्या कामाची तिच्या नावानं नोंद. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, उसाच्या टनामागे कारखान्यांकडून पैसे घेण्याचं ठरलं, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं सुरू झाली. रचना माथाडीच्या दिशेनं जाऊ शकते. पण मजुरी अजून मुकादमाच्याच हातून फिरते, आणि ते बदलेपर्यंत कोयत्याची दोन माणसं होणार नाहीत.

घरकामाची कथा थोडक्यात सांगता येते. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि संघटना बांधली. कायदा यायला २००८ उजाडलं. त्यात कामगार बाईची नोंद आहे, तिला काम देणाऱ्या घराची नाही. मालकाचा वाटाच नसलेलं मंडळ सरकारी अनुदानावर जगतं आणि अनुदान आटलं की थंडावतं. बांधकाम कामगारांचं मंडळ श्रीमंत आहे, कारण १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला. पण लाभासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्या मजुरानं तो कोणाकडून आणायचा? पैसा जमा आहे आणि माणूस बाहेर उभा आहे, अशी ही अवस्था.

आशा कार्यकर्तीकडे बघताना मान आणि मोबदला यांची फारकत डोळ्यांत भरते. २००५ पासून गावोगाव गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, बाळाची लस, क्षयाच्या गोळ्या हे तिच्या अंगावर आहे. २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन ती घरोघर फिरली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला. सरकारच्या कागदावर मात्र ती स्वयंसेविका आहे, आणि तिला मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं अशा योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं, अशी शिफारस केली होती. ती तशीच आहे. अंगणवाडी ताईंना २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, तोही लांबलचक लढ्यानंतर. होनेथ यांच्याशी वाद घालताना नॅन्सी फ्रेझर म्हणाल्या होत्या की मान्यतेचा प्रश्न वाटणीच्या प्रश्नाला गिळून टाकतो. शालश्रीफळ देऊन पगार नाकारण्याची आपली रीत पाहिली की त्यांचं म्हणणं पटतं. सेवा हा शब्द बाईच्या कामालाच इतक्या सहज चिकटतो, त्यामागे घरातली सवय आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बायका घरच्या बिनमोल कामाला दिवसाला २८९ मिनिटं देताना आढळल्या, पुरुष ८८.

या बिनमोल कामाच्या पार्श्वभूमीवर थेट पैशाच्या योजना तपासायला हव्यात. गोव्यात २०१२ पासून गृह आधार योजना आहे. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. बाईच्या स्वतःच्या खात्यात, कोणाला न विचारता खर्च करता येईल असा पैसा येतो, ही लहान गोष्ट नाही. मुलाची फी, सासूचं औषध, भिशीचा हप्ता त्यातून निघतो. त्याला रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. फिनलंडनं २०१७-१८ मध्ये दोन हजार बेकारांना दरमहा ५६० युरो विनाअट दिले, तेव्हा ते आळशी झाले नाहीत; त्यांचं मन निवांत झालं आणि संस्थांवरचा विश्वास वाढला. मला खटकतं ते दुसरंच. भावाची ओवाळणी म्हणून आलेला पैसा भावाच्या मर्जीवर राहतो. निवडणुकीआधी यादी फुगते, नंतर छाननी होते, केवायसी करायला बाया रांगेत उभ्या राहतात, आणि नाव गळालं तर दाद मागायला त्यांचं म्हणून कोणतंही मंडळ नसतं. तोच पैसा बाईच्या घरकामाचा आणि सांभाळाचा मोबदला म्हणून कायद्यात लिहिला, तर रक्कम तीच राहून नातं बदलेल.

फ्रान्समध्ये उलटा, हक्काकडून अटीकडे जाणारा प्रवास चालू आहे. तिथं १९८८ मध्ये किमान उत्पन्नाची योजना आली तेव्हा समाज प्रत्येकाचं देणं लागतो, ही भूमिका होती. जानेवारी २०२५ पासून तिच्या वारस योजनेत लाभार्थ्यानं आठवड्याला १५ तास काही ना काही काम, प्रशिक्षण वा नोकरीचा शोध करावा, असा नियम सर्वत्र लागू झाला. काम माणसाला जोडतं हे खरं म्हणून मदत बंद करण्याच्या धाकानं काम करायला लावायचं, हा निष्कर्ष मला घातक वाटतो. मारिएन्तालच्या निनावी तक्रारी अशाच वाटेनं जन्मल्या होत्या. रोजगार हमीत काम मागणं हा मजुराचा हक्क होता. फ्रान्समध्ये काम दाखवणं ही लाभार्थ्याची परीक्षा झाली आहे.

आता शहरांतल्या चौकाचौकांत दुचाकीला टेकून मोबाइलवर पुढच्या ऑर्डरची वाट बघत थांबलेली डिलिव्हरीची मुलं हा या प्रश्नाचा सगळ्यात नवा चेहरा आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यांना कंपन्या पार्टनर म्हणतात. प्रत्येक फेरीची, मिनिटाची आणि रुपयाची नोंद इतकी काटेकोर याआधी कुठल्याच मजुराची ठेवली गेली नव्हती, पण ती नोंद कंपनीकडे असते. आयडी ब्लॉक झाला तर का झाला हे विचारायला समोर माणूस नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगार ही संज्ञा कायद्यात आणली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सुरक्षा निधीत भरायची, असं ठरवलं. राजस्थाननं २०२३ मध्येच कायदा करून कामगारांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ, प्रत्येक व्यवहाराची नोंद आणि त्यावर शुल्क अशी मांडणी केली. या सांगाड्यात माथाडी मंडळ ओळखू यावं इतकं साम्य आहे.

माथाडी मंडळांची आजची तब्येत मात्र बरी नाही. बोगस टोळ्या उभ्या करून कारखानदारांकडून पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत आणि त्याचा गाजावाजा करून कायदाच मोडीत काढायची भाषाही होते. दुसरीकडे अनेक मंडळांवर वर्षानुवर्षं कामगार प्रतिनिधी नेमलेच जात नाहीत, अशी संघटनांची तक्रार आहे. प्रतिनिधी गेले की मंडळ नुसती सरकारी कचेरी उरते. खरा दुरुस्तीचा मुद्दा हा आहे. टोळीची खरी नोंद, मालकाची सक्तीची नोंदणी आणि टेबलाच्या एका बाजूला कामगारानं निवडलेला माणूस, या तीन गोष्टी जागेवर आल्या तर बोगस टोळीला शिरायला वाव राहत नाही. डिलिव्हरीच्या कामासाठीही त्यातलं फारसं नव्यानं शोधावं लागणार नाही. अनेक मालक, रोजचं बदलतं काम आणि एकच खातं, हे गणित महाराष्ट्रानं १९६९ मध्ये सोडवलं आहे. ठरवायचं आहे ते एवढंच, की प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही किती, ती थेट कोणाच्या खात्यात जमा होणार, आणि आयडी ब्लॉक झालेल्या मुलाची सुनावणी घेणाऱ्या मंडळात त्याच्या बाजूनं कोण बसणार.